रिकाम्या हॉलमधले पाणी

गोंदिया,
चैत्र कृष्ण पंचमी, सन २०१२

श्रीयुत ताराचंदजी यांच्या सेवेशी,
जागेश्वराचा सादर नमस्कार.

काल नागऱ्याच्या महादेवाला बेल वाहताना पहिले पान आपल्या गुडघ्यांसाठी वाहिले, दुसरे विहीणबाई चंद्रकांताबाईंच्या रक्तदाबासाठी, आणि तिसऱ्या पानात आम्ही सर्वांनी दाटीवाटीने आपले आरोग्य मागून घेतले. (पाने चांगली मिळत नाहीत. विकणारी बाई किडलेलीच पुढे करते आणि वर म्हणते, ‘देवाले चालते जी.’) आपल्या गुडघ्यांना उतार पडला असल्यास तो त्या पहिल्या पानाचा समजावा, नसल्यास बाईचा.

आपले कृपापत्र पोहोचले. आपण लिहिले आहे की, दोन पिढ्या धानाच्या व्यापारात ताठ मानेने वावरलेल्या घराण्यातील मुलगी परक्यांच्या जागा भाड्याने लावून देते, हे आमगावात चारचौघांत ऐकून घेणे आपल्याला कठीण जाते, रीताने आपल्या ‘प्रांगण’ या कार्यालयाची पाटी उतरवावी, ती उतरेपर्यंत आपण तिच्याशी बोलणार नाही, आणि सासरा या नात्याने हे काम मी शांतपणे, घरात वाद न करता पार पाडावे. व्याह्याची पहिलीच विनंती. ती मोडण्याचे बळ माझ्यात नाही. तेव्हा त्या कामाचा वृत्तांत आज सविस्तर लिहीत आहे. आपण तो विहीणबाईंना वाचून दाखवावा, परंतु पित्त वाढेल अशा ठिकाणी थांबून पाणी प्यावे.

शास्त्रात कोणत्याही वृक्षाला एकदम कुऱ्हाड घालू नये, आधी त्याच्याखाली बसून पाहावे असा भाव जागोजाग आहे. (ही ओळ अशीच कोठे लिहिलेली नाही, पण आयुष्यभर वाचून माझ्या मनात जे उरले, त्याचा अर्थ असाच होतो.) म्हणून मी सुनेला आज्ञा वगैरे केली नाही. ‘घरी करमत नाही, तुझ्या कार्यालयात येऊन बसत जाईन,’ एवढेच म्हणालो. तिने कपाटावरची एक बेताची खुर्ची पुसली आणि खिडकीजवळ ठेवली. त्या खुर्चीत बसून, आतून, हळूहळू, आपले काम साधावे असा माझा संकल्प होता. आपला हेर म्हणून मी तो जिना चढलो, हे प्रथम नमूद करतो. पुढे जे घडले त्यात संकल्पाचा दोष नाही. दोष असलाच तर खिडकीतून येणाऱ्या वाऱ्याचा आहे.

कार्यालय म्हणजे मिक्सर दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानावरच्या दोन खोल्या. खालून दिवसभर घरघर येते, आणि पलीकडच्या राइस मिलमधून उकडलेल्या धानाचा वास. त्या घरघरीत आणि त्या वासात डोळे मिटले की मन आपोआप अंतर्मुख होते. मला तर कित्येकदा समाधी आणि डुलकी यांची सीमाच दिसत नाही. आत रीता असते आणि खुशबू असते. खुशबू ही रीताची महाविद्यालयातली मैत्रीण आणि धंद्यातली बरोबरीची भागीदार; कायद्याची पदवी घेतलेली, नालंदेच्या भिक्षूंविषयी माझ्याशी तासन्‌तास वाद घालू शकणारी आणि वादात हरली तरी ते कबूल न करणारी. (कुटुंब बौद्ध. त्यामुळे ‘सर्व शून्य आहे’ या विषयावर आमचे पुष्कळसे जुळते. भांडण लागते ते शून्यानंतर काय उरते यावर.) दोघी फक्त व्यापारी जागांचे काम करतात: दुकाने, गोदामे, दवाखान्यांसाठी मजले, शिकवणी वर्गांसाठी हॉल. राहती घरे मुळीच नाहीत. जाहिरातीच्या पत्रकावर स्वतःला त्या ‘बुटीक फर्म’ म्हणवतात, म्हणजे लहान पण निवडक. गोंदियात या शब्दाचा एकच अर्थ प्रचलित असल्याने पहिल्या महिन्यात ब्लाउज शिवायला टाकण्यासाठी बऱ्याच बायका जिना चढून आल्या. खुशबूने एकीचे माप घेतलेही म्हणतात. कारण ती रिकाम्या हाताने कोणाला परत पाठवत नाही.

आता या धंद्याचे स्वरूप आपल्याला दलालीचे वाटते. मलाही वाटत होते. पण त्या खुर्चीत बसून ऐकता ऐकता मी फार विचारात पडलो. ह्या मुली काय विकतात? जमीन नव्हे, ती मालकाचीच राहते. विटा नव्हेत, त्या भिंतीतच राहतात. भिंतींच्या मध्ये जे काही नाही, ते ह्या भाड्याने देतात. घड्यातले आकाश आणि घड्याबाहेरचे आकाश एकच आहे, हे मी आमगावच्या शाळेत नोकरीभर मुलांना शिकवले. पण घड्यातल्या आकाशाला दरमहा भाडे पडते, हे मला सुनेने शिकवले. त्यातही तीन भेद आहेत. कार्पेट म्हणजे जेथे खरोखर सतरंजी अंथरता येते ती जागा. बिल्ट-अप म्हणजे भिंतींसह. आणि सुपर बिल्ट-अप म्हणजे जी कागदावर दिसते, जिचे दाम द्यावे लागतात, पण जेथे कोणालाही कधी उभे राहता येत नाही. हे ऐकताच मी नकळत हात जोडले. मायेची इतकी स्वच्छ व्याख्या मला एकाही आचार्याकडून मिळाली नव्हती. खुशबू म्हणाली, ‘गुरुजी, हात काऊन जोडता? बिल्डर अजून यायचाच आहे.’

दुपारी त्या दोघी जागा पाहायला निघत आणि मला बरोबर नेत. (रीता स्कूटर चालवते, मी मागे बसतो, माझ्या मांडीवर मोजपट्टीची पिशवी. जुने विद्यार्थी रस्त्यात नमस्कार करतात. पहिल्या दिवशी लाज वाटली, दुसऱ्या दिवसापासून मी आशीर्वाद देऊ लागलो.) ताराचंदजी, रिकामा हॉल आपण कधी पाहिला आहे का? भरलेला नव्हे, आपण धंद्याचे माणूस, आपण जागा भरलेलीच पाहिली असणार. शटर कमरेइतके वर केलेले असते. उन्हाची एक पट्टी फरशीवर निजलेली असते. भिंतीला अजून चुन्याचा ओला वास असतो. कोपऱ्यात गवंड्याने विसरलेली एक चप्पल असते, आणि ती चप्पल सोडली तर त्या जागेत अजून कोणीही खोटे बोललेले नसते. बोललेला शब्द हॉलच्या टोकापर्यंत जातो, तेथे क्षणभर थांबतो आणि जरा मोठा होऊन परत येतो. देवळाच्या गाभाऱ्यात जे मला पन्नास वर्षे मिळत आले, ते गोरेगाव रस्त्यावरच्या दुमजली इमारतीत, खाली ‘भाड्याने देणे आहे’ अशी पाटी असताना मिळाले, हे लिहिताना मला संकोच वाटतो. पण खोटे लिहवत नाही.

येथेच आपल्या कामाला पहिले यश आले.

आमच्या घराण्यातील रीत आपल्या कानी आलीच असेल. आम्ही तळी बांधणारे लोक. माझे आजे तळ्याची जागा ठरवण्याआधी त्या माळावर एक दुपार एकटे निजत. स्वप्नात पाणी दिसले तर जागा धरायची. न दिसले तर कुदळ खांद्यावर टाकून पुढच्या गावी. त्यांनी धरलेली तीन तळी आजही अर्जुनीकडे भरलेली आहेत. ही हकीकत मी एकदा सहज, चहा येईपर्यंत, कार्यालयात बसलेल्या एका कापड व्यापाऱ्याला सांगितली. नंदलाल शेठ त्यांचे नाव. साड्यांच्या मोठ्या दुकानासाठी गोरेगाव रस्त्यावरचा तोच हॉल घेण्याचे त्यांनी जवळजवळ पक्के केले होते. सही उरली होती. ते ऐकून शेठजींनी कप खाली ठेवला आणि अत्यंत भाविकपणे म्हणाले, ‘मास्टरजी, हमारे लिए भी एक बार सो जाइए न.’

मी संकोचलो. पण आग्रह श्रद्धेचा होता, आणि जेवणही नुकतेच झाले होते. दुसऱ्या दिवशी हॉलच्या मधोमध सतरंजी टाकून (कार्पेट क्षेत्रातच) मी आडवा झालो. शेठजी बाहेर गाडीत बसले. रीताने शटर अर्धे ओढले आणि जाताना म्हणाली, ‘बाबूजी, फक्त झोपा हं.’ तिच्या त्या ‘फक्त’मधले शहाणपण मला फार उशिरा कळले.

स्वप्न फार सुंदर पडले. आजवर इतके स्पष्ट मला कधी दिसले नव्हते. पहिल्यांदा फरशी ओलसर झाली, मग चमकू लागली, आणि मग हॉलच्या चारी कोपऱ्यांतून थंड, स्वच्छ, तळाचा खडा दिसेल असे पाणी आवाज न करता वर येऊ लागले. शिंगाड्याची पाने गल्ल्याच्या उंचीवर तरंगत होती. छताच्या पंख्याखालून मरळ माशांचा थवा सावकाश वळून गेला. आणि जेथे शेठजी आरसे लावणार होते त्या भिंतीजवळ सारसांची जोडी उभी होती. एकाने मान वाकवून दुसऱ्याच्या पाठीवरचे पाण्याचे थेंब टिपले. मी पाण्यात होतो की पाणी माझ्यात होते, ते सांगता येत नाही. जागा झालो तेव्हा डोळ्यांच्या कडा ओल्या होत्या.

बाहेर येऊन मी शेठजींना दोन्ही हात वर करून आशीर्वाद दिला आणि म्हणालो, अतिशय शुभ. जागा पाण्याने काठोकाठ भरलेली दिसली.

शेठजींचा चेहरा पांढरा पडला. ‘कितना पानी?’

कमरेच्या वर, मी म्हणालो, आणि वाढतच होते.

‘और साड़ियाँ?’

साड्या मला कोठे दिसल्या नाहीत, हे मी प्रामाणिकपणे सांगितले. मात्र मासे उत्तम होते, हेही सांगितले, कारण त्यांना धीर देणे माझे कर्तव्य होते. शेठजी रीताकडे वळले, ‘बहन, आपके ससुरजी ने तो हमारी दुकान डुबो दी,’ असे म्हणाले आणि गाडी उलटी घेऊन निघून गेले. ते आजतागायत आलेले नाहीत.

परतताना रीताने स्कूटर थांबवली. रेल्वे फाटक लागले होते. मालगाडी जात होती, डब्यामागून डबा, कोळशाची, संपता संपेना. तेव्हा समोरच पाहत ती म्हणाली, ‘बाबूजी, तुम्हाला पाणी म्हणजे भरभराट. त्यांना पाणी म्हणजे विम्याचे कागद.’ एवढेच. तिच्या आवाजात राग नव्हता. आपण रागावतो तेव्हा आमगाव स्टेशनपर्यंत ऐकू जाते असे विहीणबाई म्हणतात. हा गुण मुलीत उतरलेला नाही, की उतरला असून तिने कुलपात ठेवला आहे, ते मला ठरवता आले नाही.

मला वाटले, आपले काम झाले. इतक्या लवकर आणि इतक्या निर्मळ मार्गाने पाटी उतरेल असे मलाही वाटले नव्हते. मी आपल्याला तसे पत्रही लिहावयास घेतले. परंतु चार-आठ दिवसांत रीताने तोच हॉल बोअरवेलचे पंप आणि नळ विकणाऱ्या एका गृहस्थांना दिला. बरे, देताना तिने शेठजी का गेले हे लपवले नाही. स्वप्न जसेच्या तसे सांगितले. त्या गृहस्थांनी फक्त विचारले, ‘पाणी कुठवर होतं म्हणता?’ आणि सही केली. आता त्यांच्या दुकानात सारसांच्या जोडीचे चित्र लावलेले आहे.

या गोष्टीची गावात वार्ता झाली, आणि आपल्या हेराची झोप उडाली. म्हणजे उडवली गेली. ज्याला त्याला मी आपल्या जागेत निजावे असे वाटू लागले. एका दंतवैद्याच्या मजल्यावर निजलो, तर रोहू मासे एका रांगेत, सर्व आ वासून उभे. डॉक्टरांनी मला मिठी मारली. एका शिकवणी वर्गाच्या हॉलमध्ये निजलो, तर असंख्य बेडूक एकाच वेळी बोलत होते आणि एकही ऐकत नव्हता. संचालक म्हणाले, ‘बरोब्बर.’ मला स्वप्न पडते ते नेहमी पाण्याचेच. ते माझ्या रक्तात आहे, त्याला माझा इलाज नाही. पण कोणाचे पाणी कोणाच्या उपयोगाचे, हे रीता पाहते. आजोबांना पाणी दिसे, हे खरे. परंतु तळ्याची पाळ कोठे घालायची आणि सांडवा कोणीकडे काढायचा, हे आजी ठरवत असे, असे घरात बोलले जाते. त्याची आठवण मला अलीकडे वरचेवर होते.

कोणी सुचवले, पत्रकावर ‘स्वप्न-परीक्षित जागा’ असे छापा, गर्दी होईल. रीताने नकार दिला. म्हणाली, ‘बाबूजींची झोप भाड्याने नाही.’ मी तेव्हा खिडकीबाहेर पाहत होतो, तसाच पाहत राहिलो.

आता दलालीविषयी. एक डॉक्टर आपल्या दवाखान्यासाठी मजला पाहायला आले. जागा त्यांना पसंत, दर पसंत, घरमालक पेढे घेऊन उभा. तेवढ्यात रीता म्हणाली, ‘डॉक्टरसाहेब, जिना अरुंद आहे. स्ट्रेचर वळणार नाही. मी मोजलंय.’ डॉक्टर गेले, पेढे गेले. कार्यालयात परतल्यावर खुशबूचा पारा चढला होता. ‘अगं, अशी सांगत राहिलीस तर आपल्याले विचारीन कोण?’

रीता म्हणाली, ‘जिन्यात अडकलेला पेशंट विचारीन.’

व्याहीबुवा, मी पुष्कळ धर्मचर्चा ऐकल्या. काशीहून आलेल्यांच्याही ऐकल्या. सत्य प्रिय करून बोलावे, की अप्रिय असले तरी बोलावे, यावर मोठमोठे लोक अडखळलेले पाहिले. हे वाक्य मात्र न अडखळता आले, आणि लगेच तिने टेबलावरचा डबा उघडून खुशबूला विचारले की, भाजीत मीठ कमी आहे का. हा संस्कार आमच्या घरचा नसावा. आमच्याकडे येण्याआधीच तो तिच्यात होता. मग तो कोठून आला असेल, याचा विचार मी करणार नाही. ते आपले क्षेत्र आहे.

असो. मूळ विषयावर येतो, म्हणजे पाटी उतरण्यावर. कारण ती आता खरोखर उतरण्याच्या बेतात आहे, आणि हे आपल्याला कळवावे यासाठीच हे पत्र.

गेल्या महिन्यात नागपूरहून एका मोठ्या कंपनीचे साहेब आले. घरगुती वस्तूंचे प्रचंड दुकान काढायचे आहे. अट एकच: हॉलच्या मध्ये खांब नको, आणि समोर ट्रक वळला पाहिजे. अशी जागा सापडली तर गोंदियाचे सर्व काम ‘प्रांगण’ला, न सापडली तर कंपनी बालाघाटकडे जाईल. रीताने आणि खुशबूने त्यांना होत्या नव्हत्या त्या सर्व जागा दाखवल्या. सगळीकडे खांब. (खांबाचे महत्त्व मी त्यांना समजावून सांगू लागलो होतो, परंतु खुशबूने माझ्या हातात उसाच्या रसाचा ग्लास दिला.) शेवटी आमगाव रस्त्याने परतताना साहेबांनी गाडीची काच खाली केली आणि विचारले, ‘ती बंद मिल कोणाची?’

ती आपली मिल होती.

रीता रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला पाहू लागली. त्या बाजूला काहीही नव्हते. एक कापलेले शेत आणि त्याच्या बांधावर एक बगळा. ‘ती मिळणार नाही,’ ती म्हणाली. साहेबांनी सहज विचारले की आत खांब आहेत का. तेव्हा तिने त्या बगळ्याकडे पाहतच सांगितले: एकही नाही, छप्पर तिरप्या लोखंडी तुळयांच्या कैच्यांवर आहे, मागच्या भिंतीला वर तीन झरोके आहेत, त्यांतून उतरते ऊन येते आणि तुसाच्या ढिगावर पडते, पूर्वेकडच्या कोपऱ्यात पावसाळ्यात ओल येते, मोठ्या फाटकातल्या लहान दारातून जाताना वाकावे लागते. इतके कोणत्याही जागेविषयी मी तिला न पाहता बोलताना ऐकलेले नाही. साहेब म्हणाले, ‘मॅडम, तुम्ही ही जागा मोजली आहे तर.’ ती म्हणाली, ‘लहानपणी. पावलांनी.’

कार्यालयात आल्यावर खुशबूने तोंड सोडले. ‘तुझ्या बापाची मिल हाये, रीते. विचारून तं पाह्य. नाही म्हणतील, खाऊन तं टाकणार नाहीत.’

रीता मोजपट्टी गुंडाळत होती. म्हणाली, ‘मुलगी म्हणून गेले तर जेवायला वाढतील आणि मिलचा विषय काढू देणार नाहीत. दलाल म्हणून गेले तर दारच लावतील. मग मी जाऊ तरी कोण म्हणून?’

खुशबूने मोजपट्टी तिच्या हातातून घेतली आणि पिशवीत टाकली. खाली मिक्सर बंद झाला होता. मग रीताच म्हणाली की, साहेब अक्षय्य तृतीयेच्या सुमारास पुन्हा येतील, तोवर जागा न मिळाल्यास कार्यालयाचे भाडेही निघणार नाही, वैशाखात पाटी उतरवू. इमारतीच्या मालकाला तसे सांगून ठेवावे. खुशबू न्यायालयातल्या नोकरीची परीक्षा देईल. रीता काय करील, ते ती बोलली नाही.

तेव्हा, ताराचंदजी, मनःपूर्वक अभिनंदन. आपले काम झाल्यात जमा आहे, आणि त्यात माझे कर्तृत्व काहीच नाही, हे मी नम्रपणे कबूल करतो. आपल्याला काही करावयाचे नाही. कोणाशी वाद नको, पत्र नको, निरोप नको. फक्त मिलचे कुलूप जसे आहे तसे राहू द्यावे. मी माझी खुर्ची घरी आणीन. रिकामे हॉल भरतील किंवा न भरतील, ती ज्याची त्याची नियती. दुपारी मला झोप आता घरीही चांगली लागेल. तिच्यात पाणी येईल की नाही, एवढाच प्रश्न.

विहीणबाईंना नमस्कार सांगावा. त्यांनी पाठवलेली आंब्याची चटणी संपली. बरणी धुऊन ठेवली आहे. घरी कोणाची तक्रार नाही. आपला लोभ आहेच, आणि तो वाढायला अजून पुष्कळ मोकळी जागा आहे, असे मी समजतो.

आपला स्नेहांकित व्याही,
जागेश्वर

ता. क. : या पत्राचा रीताला पत्ता नाही. हिमांशु ते टपालात टाकील. त्याने वाचलेले नाही, कारण माझा मुलगा माझे काहीच वाचत नाही. एरवी ही माझी व्यथा असते, आज सोय झाली.

ता. क. दुसरा : वर ‘कुलूप तसेच राहू द्यावे’ असे लिहून गेलो. शाई वाळली आहे आणि खाडाखोड मला आवडत नाही; परंतु ते वाक्य वाचू नये. मला लिहायचे होते ते असे की, अक्षय्य तृतीयेच्या आधी एखाद्या दिवशी मिलची किल्ली आणावी. टपालाने पाठवू नये, कोणाच्या हाती देऊ नये. आपण स्वतः यावे आणि मिक्सरवाल्याच्या शेजारचा जिना चढावा. जिना अरुंद आहे, आपल्या गुडघ्यांना त्रास होईल, हे मी सुनेच्या शिकवणुकीप्रमाणे आधीच सांगून ठेवतो. वर गेल्यावर काही बोलण्याची गरज नाही. किल्ली टेबलावर ठेवावी. मुलगी म्हणून द्यावी की दलाल म्हणून, ते आपण ठरवू नये. ते तिला ठरवू द्यावे.

ता. क. तिसरा : गेल्या गुरुवारी मी कोणालाही न सांगता रिक्षाने आपल्या मिलवर गेलो होतो. दारावर आपला जुना राखणदार उदाराम होता. मी ओसरीवर सतरंजी टाकू लागलो तेव्हा तो चक्रावला. ‘इवाईबुवा, इथं कायले निजता जी? घरी बाज नाही का?’ मी त्याला म्हणालो की, मालकाची परवानगी घेऊन ठेवू का? त्यावर तो म्हणाला, ‘मालकाचं काय सांगू जी. थे मधूनमधून येतेत. कुलूप हातात घेतेत, हालवून पाह्यतेत, अन्‌ न उघडताच चालले जातेत. म्या इचारलं नाही कधी.’ मीही आपल्याला विचारणार नाही.

मग मी निजलो. कुलूप असल्याने बाहेरच, दाराला डोके लावून. स्वप्न पडले, पण त्यात पाणी नव्हते. एक थेंबही नाही. आमच्या घराण्यात अशा स्वप्नाचा अर्थ कोणाला लावता येत नाही, म्हणून ते जसे दिसले तसे आपल्याकडे पाठवतो. मिलमध्ये उतरते ऊन होते आणि हवेत कोंड्याची सोनेरी भुकटी सावकाश खाली येत होती. रीता आत मधोमध उभी होती. आपण बाहेर होता, टोपी हातात. आपण विचारले, ‘येऊ का?’ ती म्हणाली, ‘या ना, बाबा. दार बुटकं आहे, डोकं सांभाळा.’ आपण वाकलात.

तेवढ्यात उदारामने चहासाठी हाक मारली आणि मी जागा झालो. त्या वेळी आपला एक पाय आत होता आणि एक बाहेर.